दवाखान्यातून घरी परतताना : बालकांच्या औषधोपचाराच्या सूचना

व्यापाऱ्याचा सारा व्यवहार शब्दावर चालतो. सौदा ठरला म्हणजे आपण तो एकदा परत उच्चारून घेतो : माल कोणता, वजन किती, भाव काय, पोहोचवावयाचा केव्हा आणि रक्कम कोणत्या मुदतीने द्यावयाची. समोरचा गृहस्थ कितीही विश्वासू असला तरी ही उजळणी झाल्यावाचून पेढीवरचा जुना मुनीम नोंद करीत नाही. परंतु तोच व्यापारी मध्यरात्री आपल्या आजारी बालकास घेऊन रुग्णालयातून बाहेर पडतो, तेव्हा हाती दिलेला कागद न वाचता घडी करून खिशात घालतो. डॉक्टरांनी काय सांगितले असे घरी विचारले, तर ‘औषध दिले आहे, काळजीचे कारण नाही’ एवढेच उत्तर त्याच्यापाशी असते. बालकास वाचविणारे उपचार रुग्णालयात निम्मे होतात आणि उरलेले निम्मे घरी व्हावयाचे असतात, ही गोष्ट आपण विसरतो. त्या उरलेल्या निम्म्या भागासंबंधी चार शब्द लिहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच हे सांगणे अगत्याचे आहे की, हा प्रश्न अशिक्षितांचा नव्हे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सर्व राज्यात लागू केले, त्या बडोद्यात आपण राहतो. येथे १९४९ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. सर सयाजीराव जनरल रुग्णालयासारखे मोठे रुग्णालय आपल्या दारी आहे. ज्ञानाची वा सोयीची वाण नाही. तरीही अडचण पडते, याची कारणे निराळी आहेत.

सूचना कोठे हरवतात

रात्रीच्या त्या प्रसंगाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. मूल रडत असते. आईचे सारे लक्ष मुलाकडे लागलेले असते. वडील पैसे भरण्याच्या खिडकीपाशी उभे असतात. डॉक्टरांपुढे आणखी चार मुले वाट पाहत असतात. अशा वेळी डॉक्टर जे दोन मिनिटे बोलतात ते बहुधा काका किंवा मामा ऐकतात. घरी आल्यावर ते आईस सांगतात. दुसऱ्या दिवशी आई थकून झोपली म्हणजे आजी औषध देते. ज्याने ऐकले तो औषध देत नाही आणि जो औषध देतो त्याने ऐकलेले नसते. एकत्र कुटुंबाचे बळ मोठे खरे. परंतु तीन तोंडांतून गेलेला निरोप मूळ निरोपासारखा राहत नाही, हा अनुभव आडतीच्या धंद्यात आपण सर्वांनी घेतलेला आहे.

त्यात भाषेची अडचण आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मराठी, पेढीवर गुजराती, परिचारिकेशी हिंदी आणि कागदावर मात्र इंग्रजी. मनुष्याच्या स्मरणाचीही मर्यादा आहे. डच मानसशास्त्रज्ञ रॉय केसेल्स यांनी २००३ साली या विषयावरील संशोधनाचा आढावा घेताना असे नमूद केले की, वैद्यांनी सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग रुग्ण तत्काळ विसरतात, आणि जे आठवते असे वाटते त्यातलेही पुष्कळसे चुकीचे असते. हे सामान्य रुग्णांविषयी झाले. तापाने फणफणलेले मूल मांडीवर असताना पालकांची स्थिती याहून बरी कशी असणार?

आमच्याच घरातला प्रसंग सांगतो. नऊ किलो वजनाच्या नातवास ताप चढला म्हणून रात्री रुग्णालयात नेले. तपासणी होऊन तापाचे पातळ औषध ५ मिलिलिटर, गरज पडल्यास सहा तासांच्या अंतराने द्यावे, असे लिहून मिळाले. पहाटे ती बाटली हातातून निसटून फुटली. सकाळी घरातील वडीलधाऱ्या बाईंनी कपाटातून त्याच औषधाची दुसरी बाटली काढली. नाव तेच, कंपनी तीच, रंगही तोच. मात्र ती तान्ह्या मुलांच्या थेंबांची बाटली होती. फुटलेल्या बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होते. या बाटलीत प्रत्येक १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. कागदाबरहुकूम ५ मिलिलिटर भरले असते, तर १२० च्या जागी ५०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपटीहून अधिक औषध त्या जिवाच्या पोटात गेले असते. आणि ताप उतरेपर्यंत दिवसातून तीनचार वेळा तसेच जात राहिले असते. पॅरासिटामॉलचा अतिरेक यकृतास घातक ठरतो. सुनेची नजर लेबलावरच्या बारीक अक्षरांकडे गेली म्हणून निभावले. यात डॉक्टरांची चूक नव्हती, औषधवाल्याचीही नव्हती. ५ मिलिलिटर हा आकडा आम्ही ऐकला होता. तो कोणत्या बाटलीचा, हे कोणी विचारले नव्हते.

सौदा परत बोलून दाखवावा

यावरचा उपाय आपल्या धंद्यातच आहे. डॉक्टरांचे सांगून झाले म्हणजे उठण्यापूर्वी आपण म्हणावे, ‘साहेब, मला काय समजले ते एकदा बोलून दाखवितो, चुकत असेल तर सांगावे.’ आणि मग आपल्या शब्दांत, आपल्या भाषेत, सारे परत सांगावे. ‘समजले ना?’ या प्रश्नास ‘हो’ म्हणणे ही समजल्याची खूण नव्हे. संकोचाने आपण सारेच ‘हो’ म्हणतो. परत सांगता आले तरच समजले. अनेक देशांत आता डॉक्टर व परिचारिका स्वतःच रुग्णांकडून असे परत वदवून घेतात, आणि त्यास कोणी अपमान मानीत नाही. येथे त्यांनी विचारले नाही तरी आपण सांगण्यास कोण अडवितो? यास एक मिनिट लागते. डॉक्टर रागावतील ही भीती बाळगू नये. ज्यास आपल्या रुग्णाची चिंता आहे तो वैद्य अशा पालकाचा आदरच करील.

परत सांगताना पाच गोष्टींची उत्तरे आपल्यापाशी आहेत की नाहीत, हे पाहावे. मुलास काय झाले आहे? कोणते औषध, किती, केव्हा आणि किती दिवस द्यावयाचे? खाण्यापिण्यास काय द्यावे? कोणती लक्षणे दिसली तर पुन्हा धावत यावे? आणि लक्षणे दिसली नाहीत तरी दाखविण्यास केव्हा आणावे? यांपैकी चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून तोच बहुधा विचारावयाचा राहतो.

शक्य असेल तर प्रत्यक्ष औषध देणाऱ्या व्यक्तीनेच हे ऐकावे. आजी घरी असतील, तर तेथूनच दूरध्वनी लावून डॉक्टरांच्या समक्ष त्यांस सांगावे आणि त्यांच्याकडून परत वदवून घ्यावे. हाती भ्रमणध्वनी असतोच. डॉक्टरांची अनुमती घेऊन त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून घेतले तर उत्तमच.

चिठ्ठीवरील सांकेतिक अक्षरे

आपल्या वहीतील ‘ह.’, ‘बा.’, ‘मा.’ ही अक्षरे परक्यास कोडे वाटतात. तद्वत वैद्यांची अक्षरे आपणास वाटतात. ती मूळ लॅटिन शब्दांची आद्याक्षरे होत. ‘ओ.डी.’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बी.डी.’ म्हणजे दोनदा, ‘टी.डी.एस.’ म्हणजे तीनदा, ‘क्यू.आय.डी.’ म्हणजे चारदा. ‘एच.एस.’ म्हणजे निजण्याच्या वेळी. ‘ए.सी.’ म्हणजे जेवणापूर्वी व ‘पी.सी.’ म्हणजे जेवणानंतर. १-०-१ असे लिहिले असेल, तर सकाळी एक, दुपारी नाही व रात्री एक, असा अर्थ घ्यावा. तीनदा म्हणजे न्याहारी, दुपारचे भोजन व चारचा चहा अशा वेळांस उरकून टाकणे नव्हे. दोन मात्रांमध्ये किती तासांचे अंतर हवे, हे विचारून घ्यावे.

सर्वांत अधिक घोटाळा ‘एस.ओ.एस.’ या अक्षरांनी होतो. त्यांचा अर्थ ‘गरज पडल्यास’ एवढाच आहे. तापाचे औषध बहुधा असे लिहिलेले असते. ताप नसताना ते नेमाने देत राहणे जसे चूक, तसेच ताप उतरला म्हणून जंतुनाशक औषध, म्हणजे अँटिबायोटिक, दुसऱ्या दिवशीच थांबविणे हेही चूक. पहिले गरजेपुरते असते, दुसरे ठरलेल्या मुदतीचे. व्यापारी भाषेत बोलावयाचे तर एक दर्शनी हुंडी आहे, दुसरी मुदती. दोहोंचा हिशेब एका नियमाने करता येत नाही.

औषधांची नावे सुवाच्य व शक्यतो मोठ्या अक्षरांत आणि मूळ द्रव्याच्या नावाने लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली केला होता. अक्षर लागले नाही तर अंदाजाने वाचू नये, विचारावे. चिठ्ठीवरचे मूळ द्रव्याचे नाव आणि बाटलीवरचे नाव ताडून पाहावे. निरनिराळ्या व्यापारी नावांच्या दोन बाटल्यांत एकच पॅरासिटामॉल असू शकते, आणि सर्दीच्या मिश्रणातही ते दडलेले असते. दोन्ही दिली तर नकळत दुप्पट मात्रा जाते.

माप

मुलांच्या औषधाची मात्रा वयापेक्षा वजनावर ठरते. पॅरासिटामॉल साधारणतः दर किलो वजनास १० ते १५ मिलिग्रॅम असे एका वेळी देतात, दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर ठेवतात आणि चोवीस तासांत चार वेळांहून अधिक देत नाहीत. नऊ किलोच्या मुलास म्हणूनच १२० मिलिग्रॅम योग्य ठरले होते. आपल्या गोदामातील प्रत्येक पोत्याचे वजन आपणास मुखोद्गत असते. मुलाचे वजन विचारले तर मात्र आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. ते दर दोनतीन महिन्यांनी करून लिहून ठेवावे.

माप घरच्या चमच्याने कधीही घेऊ नये. दोन घरांचे चमचे सारखे नसतात. एकाच घरातलेही नसतात. लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटर व मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर असा पाश्चात्त्य संकेत आहे, परंतु आपल्या स्वयंपाकघरातील चमचे त्या संकेताने घडविलेले नसतात. अमेरिकेतही यावरून घोटाळे होतात. तेथील रुग्णालयांच्या तातडीच्या बालविभागांत आलेल्या पालकांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ४० टक्के पालकांकडून औषध मोजण्यात चूक झाली होती. आणि जे चमच्यांच्या भाषेत मोजत होते त्यांच्याकडून चूक होण्याचा संभव, मिलिलिटरमध्ये मोजणाऱ्यांच्या दुप्पट आढळला. यास्तव बाटलीसोबत मिळालेले मापाचे झाकण, ड्रॉपर किंवा सुई नसलेली पिचकारीच वापरावी, आणि एका बाटलीचा ड्रॉपर दुसरीस लावू नये. आपल्या वाडवडिलांनी १९५८ पासून शेर-तोळे सोडून किलो-ग्रॅम आत्मसात केले. आपणास मिलिलिटर जड जाऊ नये.

कित्येक अँटिबायोटिक औषधे कोरड्या भुकटीच्या बाटलीत येतात. तीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालावे, हलवून फेस बसू द्यावा, आणि पातळी खाली गेल्यास पुन्हा खुणेपर्यंत भरावे. असे तयार केलेले औषध किती दिवस टिकते व थंड जागी ठेवावयाचे काय, हे लेबलावर असते. प्रत्येक वेळी देण्यापूर्वी बाटली हलवावी. नाहीतर वरचे पाणी आधी व खालचा गाळ शेवटी पोटात जातो. उरलेले औषध पुढील आजारासाठी राखून ठेवणे ही काटकसर नव्हे.

तीन नेहमीचे प्रसंग

पहिला प्रसंग जुलाब-वांत्यांचा. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आपण सर्वांनी त्या दिवसांची चिंता अनुभवली. पाणी दूषित झाले की पहिली झळ मुलांस लागते. अशा मुलास घरी पाठविताना जलसंजीवनी, म्हणजे ओ.आर.एस., द्यावयास सांगतात. पालकांस हे औषध किरकोळ वाटते. ‘नुसती साखर-मिठाची पुडी दिली’ असे म्हणून ते नाराज होतात. वस्तुतः याच पुडीने जगात असंख्य मुले वाचविली आहेत. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धातील निर्वासितांत कॉलऱ्याची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे पाणी संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या छावणीत हे द्रावण पिण्यास देऊन मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ खाली आणले. २०२२ साली ते निवर्तले. पुढील वर्षी राष्ट्राने त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

ही पुडी गुणकारी ठरते ती प्रमाणामुळे. मोठ्या पुडीत २०.५ ग्रॅम द्रव्य असते व ती पुरत्या एक लिटर पाण्यासाठी असते. २०० मिलिलिटरसाठी निराळी लहान पुडी मिळते. मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालविली तर क्षार अति होऊन मुलास अपाय होतो. थोडी थोडी अंदाजाने घातली तर गुण येत नाही. पुडीवर किती पाणी लिहिले आहे ते वाचावे, सारी पुडी एकदम घालावी, वर साखर, दूध वा सरबत मिसळू नये. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास ५० ते १०० मिलिलिटर व त्याहून मोठ्यास १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने पाजावे. ओकले तर दहा मिनिटे थांबून अधिक सावकाश पुन्हा द्यावे. चोवीस तासांनंतर उरलेले ओतून टाकावे. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न चालू ठेवावे. पोटास विश्रांती म्हणून उपाशी ठेवणे ही जुनी समजूत चुकीची आहे. झिंकचे औषध दिले असेल, तर जुलाब थांबले तरी सांगितलेली मुदत पुरी करावी.

या बाबतीत व्यापारी म्हणूनही आपले कर्तव्य आहे. ओ.आर.एस. हे नाव मिरविणारी गोड पेये बाजारात खोक्यांतून विकली जात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षे चिकाटीने प्रयत्न केले, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावांत ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. अति साखरेने जुलाब वाढतात. आपल्या दुकानातून जे जाते ते कोणाच्या मुलाच्या तोंडी पडते, याचे भान विक्रेत्याने ठेवले पाहिजे. त्याच सुमारास मध्यप्रदेशातील छिंदवाडा येथे डायथिलीन ग्लायकोल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने अनेक बालके दगावली. दोन वर्षांखालील मुलांस खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत व पाच वर्षांखालील मुलांसही सर्वसाधारणपणे देऊ नयेत, अशी सूचना त्या वेळी केंद्राच्या आरोग्य विभागाने दिली. शेजाऱ्याच्या मुलास लागू पडले म्हणून तेच औषध आपल्या मुलास आणणे कायमचे सोडावे.

दुसरा प्रसंग तापाचा व तापात येणाऱ्या आकडीचा. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापाबरोबर आकडी येणे पुष्कळदा घडते. ते दृश्य भयंकर असते, परंतु बहुतेक वेळा ती काही मिनिटांत आपोआप थांबते व मेंदूस इजा करीत नाही. अशा मुलास घरी पाठविताना जी सूचना देतात ती अशी : पुन्हा आकडी आल्यास मुलास कुशीवर निजवावे, कपडे सैल करावे, तोंडात चमचा, बोट, पाणी वा औषध काहीही घालू नये, आणि घड्याळ पाहावे. कांदा वा चप्पल हुंगविण्यात वेळ दवडू नये. आकडी पाच मिनिटांहून अधिक चालली, लागोपाठ पुन्हा आली, किंवा ती थांबल्यावरही मूल शुद्धीवर येत नसेल, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. २००७ पासून गुजरातेत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. हा आकडा घरातील मुलांसही पाठ असावा. तीन महिन्यांच्या आतील तान्ह्यास ताप आला, तर घरी औषध देत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे.

तिसरा प्रसंग डोक्यास मार लागण्याचा. उत्तरायणात आपल्या पोळांतील गच्च्या मुलांनी फुलून जातात आणि पतंगामागे धावताना तोल जातो. रुग्णालयात तपासून ‘सध्या काही नाही, घरी लक्ष ठेवा’ असे सांगितले, म्हणजे कशावर लक्ष ठेवावयाचे हे पालकांस उमगत नाही. ते असे : वारंवार ओकारी, वाढत जाणारी डोकेदुखी, न जागविता येण्याइतकी गुंगी, असंबद्ध बोलणे, आकडी, चालताना झोक जाणे, एक बाहुली दुसरीहून मोठी दिसणे, नाकाकानातून रक्त वा पाणी येणे. यांपैकी एकही दिसले तर तत्काळ परत न्यावे. पहिले चोवीस तास मुलापाशी जबाबदार मनुष्य असावा. मुलास झोपूच देऊ नये, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. झोपेची वेळ असेल तर झोपू द्यावे, मात्र किती वेळाने जागवून पाहावयाचे हे डॉक्टरांस विचारून घ्यावे.

कोणत्याही आजारात पुढील लक्षणे धोक्याची समजावीत : मूल काहीच पीत नाही वा अंगावर घेत नाही, जे देऊ ते ओकून टाकते, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, सहाआठ तास लघवी होत नाही, मूल मलूल पडून राहते व हाकेस ओ देत नाही. अशा वेळी दुसऱ्या दिवशीच्या भेटीची तारीख कागदावर असली तरी तिची वाट पाहू नये.

आपले आचार आणि औषध

आपल्या समाजात एक प्रश्न हमखास निघतो, आणि तो मोकळेपणाने बोलला जात नाही. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या घरात रात्री दोन वाजता मुलास औषध वा जलसंजीवनी कशी द्यावी? काही वडीलधारी मंडळी हे पाप समजून संध्याकाळची मात्रा लवकर देतात आणि रात्रीची गाळतात. आमचे नम्र मत असे की, व्रत हे समजून घेतलेले असते. अजाण बालकाने ते घेतलेले नसते. शिवाय प्रत्याख्यान घेणाऱ्यांसाठीही शास्त्रकारांनी रोगपीडेच्या प्रसंगी ‘आगार’, म्हणजे सवलत, ठेवलेली आहे. शंका असेल त्यांनी आजारपण येण्यापूर्वीच गुरुमहाराजांस विचारून ठेवावे. जुलाब झालेल्या मुलाच्या शरीरातील पाणी सूर्यास्तानंतर कमी होत राहावयाचे थांबत नाही. मुलास सोसेल तेवढे न देणे ही अहिंसा नव्हे.

ज्यांस जिलेटिनच्या कॅप्सूल चालत नाहीत त्यांनी ते डॉक्टरांस तेथेच सांगावे. त्याच औषधाचा पातळ प्रकार वा गोळी बहुधा मिळते. न सांगता घरी औषध बंद करणे सर्वांत घातक, कारण दुसऱ्या भेटीत डॉक्टर समजतात की औषध दिले आणि गुण आला नाही. उलट आपले काही आचार उपयोगीच पडतात. उकळून गार केलेले पाणी आपल्या घरी तयारच असते. जलसंजीवनीस ते उत्तम. मध आपण वर्ज्य मानतो. एक वर्षाखालील मुलास मध देऊ नये, असे आजचे वैद्यकही सांगते, कारण त्यातील जिवाणूंमुळे तान्ह्यास क्वचित गंभीर विषबाधा होते.

औषधाचा रोजमेळ

शेवटची सूचना हिशेबाची. आजारपणात भिंतीवर एक कोरा कागद लावावा आणि त्यावर वेळ, औषध, मिलिलिटर व देणाऱ्याचे नाव, अशी चार घरे आखावीत. ज्याने दिले त्याने तत्क्षणी लिहावे. आईने आठ वाजता दिलेली मात्रा ठाऊक नसल्याने आजीने साडेआठला पुन्हा दिली, हा प्रकार अनेक घरांत घडतो. या कागदाने तो टळतो. ताप किती होता, जुलाब किती झाले, हेही तेथेच टिपावे. पुन्हा रुग्णालयात जावे लागले, तर हाच कागद सोबत न्यावा. ‘काल रात्रीपासून बरेच जुलाब झाले’ या वाक्यापेक्षा तो डॉक्टरांच्या अधिक उपयोगी पडतो. जुन्या चिठ्ठ्या, वजनाची नोंद आणि मुलास कोणते औषध सोसत नाही याची माहिती एका पाकिटात ठेवून घरातील सर्वांस ती जागा दाखवून ठेवावी.

आपल्या मंडळास एक विनंती करून लेख पुरा करतो. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातील शब्द प्रजेस व अधिकाऱ्यांस उमजावेत म्हणून आठ भाषांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ सिद्ध करविला. तो १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्या नगरीतील व्यापारी मंडळाने वर सांगितलेले पाच प्रश्न, धोक्याची लक्षणे आणि औषधाच्या नोंदीचा कोरा तक्ता, एवढे एका पानावर मराठी, गुजराती व हिंदीत छापून प्रत्येक सभासदाच्या घरी पोहोचवावे. एखाद्या बालरोगतज्ज्ञाकडून मजकूर तपासून घ्यावा. आपल्यापैकी जे औषधांचा व्यापार करतात त्यांनी मुलांच्या प्रत्येक बाटलीबरोबर मापाचे साधन आहे की नाही हे पाहून द्यावे, आणि पाच मिलिलिटर कोठपर्यंत हे ग्राहकास बोट ठेवून दाखवावे. यास खर्च थोडा आणि पुण्य मोठे.

आपण बिलाखाली ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे लिहितो, कारण पैशाची चूक उद्या दुरुस्त करता येते. बालकाच्या औषधात ती सोय नाही. म्हणून तेथे चूक होण्यापूर्वीच विचारून घ्यावे. या लेखात जिनाज्ञेविरुद्ध वा कोणाचे मन दुखावेल असे काही लिहिले गेले असल्यास मिच्छा मि दुक्कडम्.